आदर्श गाव कसं दिसेल? गावानेच त्याचं चित्र काढायची रीत

‘आपलं गाव कसं असावं?’ असं ग्रामसभेत विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. पेव्हर ब्लॉक, सभामंडप, वेशीवर कमान, चौकात हायमास्ट. लोकांना कल्पना सुचत नाही म्हणून असं होतं, असं मुळीच नाही. प्रश्न सभेत, माइकवरून, पुढे बसलेल्या दहा माणसांना विचारला जातो आणि तो ऐकताच समोरच्याच्या डोळ्यांपुढे योजनांची यादी येते. त्यामुळे पुढे दिलेल्या पद्धतीत ‘काय बांधायचं’ हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. त्याआधी दोन प्रश्न विचारायचे. त्या गावातल्या एका माणसाचा दिवस कसा जाईल? आणि तसा दिवस यावा म्हणून गाव काय सोडायला तयार आहे?

याला चार बैठका आणि एक ग्रामसभा लागते. साधारण दीड हजार वस्तीचं गाव धरून आकडे दिले आहेत. गाव मोठं असेल तर वाडीवार वेगळ्या बैठका घ्या आणि शेवटी सगळी चित्रं एकत्र मांडा.

कधी घ्यायचं

ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोर धरते, म्हणून चित्र त्याआधी तयार हवं. मराठवाडा-विदर्भाच्या सोयाबीन पट्ट्यात पोळा झाल्यावर आणि काढणी सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे हाताला थोडी उसंत असते. तेच दिवस धरा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्यांच्यामागे काढलेल्या चित्रात पुढची पंधरा वर्षं त्यांच्या मुलांची शाळा कुठेच दिसणार नाही. भातशेतीच्या भागात लावणी उरकल्यावर बसा.

बायकांची बैठक दुपारी दोन ते चार, पुरुषांची संध्याकाळी सातनंतर. एकत्र बैठक सुरुवातीला घेऊ नका. सासरा समोर बसलेला असताना सून नळाच्या वेळेवर बोलेल, पण शौचालयाला दार नाही हे बोलणार नाही.

कोण घेणार

पाच-सहा जण पुरे. त्यात निदान तीन बायका असाव्यात. आशा, अंगणवाडी सेविका आणि बचतगटाची सचिव यांना घरोघरची खबर असते, त्यामुळे त्या हव्यातच. एक जण गावाच्या कडेच्या वस्तीतला हवा. सरपंच आणि गुरुजी जरूर यावेत, पण खडू त्यांच्या हाती देऊ नका. त्यांनी एक रेघ मारली की बाकीचे हात मागे घेतात आणि पुढे सगळे ‘बरोबर का?’ म्हणून त्यांच्याकडेच पाहत राहतात. घेणाऱ्यांचं काम एवढंच: विचारणं, टिपणं आणि जमिनीवर आखायची काडी पुढच्या माणसाकडे देणं.

सामान

पांढरी रांगोळी ५ किलो, तीन-चार रंगांची रांगोळी प्रत्येकी १ किलो, काव अर्धा किलो, खडूचा एक डबा. ब्राउन पेपरचे २० ताव, जाड स्केचपेन १२, पोस्टकार्डाएवढी कापलेली पुठ्ठ्याची १०० कार्डं. मूठ-मूठ करून साधारण एक किलो चिंचोके आणि तेवढ्याच सीताफळाच्या बिया. ५० वाट्या पाणी मावेल अशी मोठी परात, तेवढं पाणी, एक वाटी. दोरी १०० फूट. तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत. ती आठ दिवस आधी मागून ठेवा.

पहिली बैठक: आजचं गाव रांगोळीत

आदर्शाआधी आजचं गाव काढायचं, कारण ज्याला आजचं गाव पूर्ण दिसत नाही त्याचं स्वप्नही अर्ध्याच गावाचं असतं.

जागा निवडताना विचार करा. देवळाच्या सभामंडपात काही जण पायरीशीच थांबतात, पुढाऱ्याच्या अंगणात काही जण फिरकतच नाहीत. शाळेचं मैदान सर्वांना चालतं. सुमारे २० बाय २० फूट जागा झाडून, सडा मारून घ्या. मध्यभागी एकच खूण घाला: पिंपळाचा पार, चावडी किंवा ओढ्यावरचा पूल. मग काडी गर्दीत द्या आणि ‘यावरून तुमचं घर कुठं?’ एवढंच विचारा. ओढा, रस्ते, विहिरी, घरं या क्रमाने चित्र आपोआप भरत जातं. तास-दीड तास लागतो.

घरं झाल्यावर रंग भरा. नळ असलेलं आणि त्याला पाणी येणारं घर निळं. नळ आहे पण पाणी पोचत नाही, ते घर निळ्या रेघेने अर्धंच. बाई एकटीने चालवते ते घर पिवळं. कामाला बाहेरगावी जाणारं कुटुंब असलेलं घर कावेने. रस्त्यावरचा चालू दिवा आणि बंद दिवा वेगवेगळे दाखवा. नळाला पाणी किती वाजता येतं ते घराशेजारी आकड्याने लिहा. टाकीजवळच्या घराला सकाळी सहा आणि शेवटच्या वस्तीला रात्री साडेदहा, हे आकडे शेजारी-शेजारी उमटले की मैदानावर थोडा वेळ शांतता पसरते. तिथे घाई करू नका.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कडेची वस्ती सुटणं. दलित वस्ती, गावाबाहेरची पालं, दोन किलोमीटरवरची शेतवस्ती या गोष्टी मैदानाच्या ‘बाहेर’ म्हणून राहून जातात. म्हणून शेवटी घरं मोजा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधल्या (घरपट्टीच्या नोंदवहीतल्या) घरांच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक आला तर कोणती घरं राहिली ते तिथेच शोधा. शिवाय नमुना ८ मध्येही नसलेली घरं रांगोळीत आली असतील, तर ती यादी वेगळी जपा. पुढे तीच सर्वांत उपयोगी ठरते.

उठण्याआधी दोघांनी बसून चित्र ब्राउन पेपरवर उतरवून घ्यायचं आणि चारही बाजूंनी फोटो काढायचे. ‘उद्या उतरवू’ म्हटलं की रात्रीत गुरं फिरतात किंवा सर येते, आणि सगळं जातं.

दुसरी बैठक: शिवारफेरी

सकाळी सातला माथ्यावरून निघा आणि पाणी ज्या वाटेने खाली येतं त्याच वाटेने पायथ्यापर्यंत चाला. रस्त्याने फिरलात तर रस्त्यालगतचंच शिवार दिसतं. हाती गावनकाशा ठेवा आणि त्यावर खुणा करत चला: उघडी पडलेली जमीन, फुटलेले बांध, गाळाने भरलेले बंधारे, तोडलेलं रान, चराईच्या वाटा. पाच-सहा विहिरी ठरवा. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा आणि विहिरीच्या कठड्यावर रंगाने लिहा. त्याच विहिरी पुन्हा मे महिन्यात मोजायच्या आहेत. गुराखी आणि सरपण आणणाऱ्या बाया सोबत हव्यात. शिवारातलं पाणी कुठे थांबतं, कुठे पळतं हे त्यांना पायाखालच्या वाटेसारखं ठाऊक असतं.

तिसरी बैठक: एक दिवस, २०४० साली

ही खरी बैठक. तीन तास राखून ठेवा.

वर्ष साधारण पंधरा वर्षांपुढचं घ्यायचं याला कारण आहे. आज अंगणवाडीत असलेलं तीन-चार वर्षांचं मूल तेव्हा अठराच्या घरात, म्हणजे मतदार होईल. आज लावलेली चिंच सावली देऊ लागलेली असेल. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या तीन मुदती होऊन जातात, त्यामुळे चित्र कोणा एका गटाच्या सरपंचाचं राहत नाही. पाच वर्षं धरली तर लोक निवडणुकीचं बोलू लागतात. पन्नास धरली तर विमानतळाचं.

सहा ते आठ जणांचे गट करा. प्रत्येक गटाला एक पात्र द्या. पात्रं गावातल्या माणसांसारखी असावीत, पण नाव कोणाचं नको:

– रोजंदारीवर जाणारी, दोन मुलांची आई, वय ३५
– एकटी राहणारी, गुडघे धरलेली ७० वर्षांची आजी
– ऊसतोड कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा
– बारावी झालेली, पुढे शिकू पाहणारी मुलगी
– दोन एकर कोरडवाहूचा शेतकरी
– चाकाच्या खुर्चीवरचा तरुण
– नुकतीच लग्न होऊन आलेली सून
– शेळ्या राखणारा माणूस

कोणालाही स्वतःचं पात्र देऊ नका. बागायतदारांच्या गटाला कोरडवाहू शेतकरी द्या, पोरांच्या गटाला आजी, पुरुषांच्या गटाला नवी सून. स्वतःबद्दल बोलताना माणूस मागणी करतो. दुसऱ्याच्या दिवसात शिरला की त्याला आधी ऐकावं लागतं, मग विचारावं लागतं. गटातल्या एकाला पाठवून खऱ्या आजीला विचारून यायला सांगा.

कागदावर उभी रेघ ओढून दोन रकाने करा: आजचा दिवस आणि २०४० मधला दिवस. दिवसही ठरवून द्या: मे महिन्यातला साधा मंगळवार. सणाचा दिवस घेतला तर सगळं छानच असतं. पाऊसकाळ घेतला तर पाणी प्रश्नच वाटत नाही. मेमध्ये गावाची सगळी ओढाताण उघडी पडते.

उठण्यापासून झोपेपर्यंत तासातासाने लिहायचं: कुठे, कोणासोबत, किती वेळ, किती पैसे. ४५ मिनिटं द्या. या वेळात एकच नियम: ‘निधी’, ‘योजना’ आणि ‘आमदार’ हे तीन शब्द काढायचे नाहीत. तोंडावर आलेच तर शेजारच्या ‘अडचणींच्या कागदावर’ लिहून पुढे जायचं. तो कागद फेकायचा नाही, चौथ्या बैठकीला लागतो. पण आधीच ‘हे होणारच नाही’ यात अडकलं की कल्पना तिथेच बसते.

आता गटांमध्ये फिरा आणि दोनच प्रश्न विचारत राहा.

पहिला: ‘मग तो वेळ कशात गेला?’ आईच्या आजच्या रकान्यात पाण्यासाठी दोन तास असतात. २०४० च्या रकान्यात लोक ‘घरात नळ, दहा मिनिटं’ लिहितात आणि थांबतात. त्यांना विचारा, उरलेल्या एकशे दहा मिनिटांत ती काय करते? खरं चित्र इथून सुरू होतं. ती झोपते. मुलाचा अभ्यास घेते. मैत्रिणीकडे जाऊन बसते, भजनात जाते, सायकल शिकते. यातल्या कशालाच योजना नसते, पण या गोष्टींसाठीच तर गाव हवं असतं. ‘नळ’ हे साधन आहे, आणि बहुतेक आराखडे साधनांपाशीच संपतात.

दुसरा: ‘तिथे तिला कोण भेटतं?’ आजीच्या दिवसात दवाखाना, पेन्शन, औषध हे पटकन येतं. दिवसभरात तिच्याशी कोण बोलतं हे विचारलं की गट गप्प होतो. मग कोणी सुचवतं की अंगणवाडी आणि म्हाताऱ्यांची बसायची जागा एकाच पारावर असावी, म्हणजे पोरांना गोष्ट आणि आजीला सोबत. अशा सूचना शब्दशः टिपा. तुमच्या भाषेत ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र’ असं लिहिलंत की त्यातला पार जातो आणि कुलूपबंद खोली उरते.

शेळ्या राखणाऱ्याचा गट बहुधा अडतो. चराईबंदी असलेलं हिरवंगार शिवार सर्वांना हवं असतं आणि त्याच शिवारात या माणसाचा मंगळवार कोरडा जातो. अडू द्या. दोन गटांना समोरासमोर बसवा आणि विचारा: कोणतं रान किती वर्षं बंद, तोवर चारा कुठून, कापून नेलेल्या गवतात याचा वाटा किती? आदर्श गावातही भांडणाची कारणं असतात. ती मिटवायची जागा आणि रीत चित्रात दाखवणं हाही आदर्शाचाच भाग आहे.

चौथी बैठक: काय सोडायचं

महाराष्ट्रात आदर्श गाव योजना १९९२ मध्ये सुरू झाली. तिच्या पंचसूत्रीकडे नीट पाहा: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पाचपैकी चार बंद्या आहेत आणि पाचवं स्वतःचा घाम. पुढे लोटाबंदी (उघड्यावर शौचाला बंदी) आणि बोअरवेलबंदी येऊन सप्तसूत्री झाली. बांधकामाचं एकही नाव त्यात नाही. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पर्जन्यछायेतलं गाव. तिथे पाणलोटाची कामं झाली, पण त्यासोबत ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं आणि शेतीसाठी बोअर यांना गावाने नकार दिला, आणि दरवर्षीचा पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची रीत घातली. हा नकार वगळून फक्त बंधारे उचलले की काही वर्षांत बोअरची खोली वाढते आणि विहिरी पुन्हा तळ गाठतात.

म्हणून प्रत्येक स्वप्नाला त्याची किंमत लावायची. पाण्यापासून सुरुवात करा, कारण ते मोजता येतं.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजेच १०,००० लिटर पाणी. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर असेल तर ५० लाख घनमीटर. हजार घनमीटरचा एक टीसीएम, म्हणजे ५,००० टीसीएम. परातीत ५० वाट्या पाणी ओता. एक वाटी म्हणजे १०० टीसीएम.

दीड हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला सुमारे ३० टीसीएम. सहाशे मोठी जनावरं रोज ५० लिटर धरून ११. माणसं आणि जनावरं मिळून अर्धी वाटीसुद्धा भरत नाही. पन्नासातली अर्धी वाटी लागते आणि तरी मेमध्ये टँकर येतो, हे बायकांना परातीत दिसलं की पुढचा प्रश्न त्याच विचारतात.

मग पडीक जमिनीवरून उडून जाणारं आणि ओढ्याने गावाबाहेर जाणारं पाणी ओतून टाका. ते किती धरायचं हे उतार, माती आणि बंधाऱ्यांवर ठरतं. कृषी सहायकाला किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला विचारून आकडा घ्या, अंदाजाने ठोकू नका. उरलेल्या पाण्यात पिकं बसवा. उसाची गरज ढोबळमानाने २,००० मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी २० टीसीएम. रब्बी ज्वारीची सुमारे ४००, म्हणजे हेक्टरी ४. यात त्या पिकावर पडलेला पाऊसही आला. चाळीस हेक्टर ऊस म्हणजे आठ वाट्या. तेवढ्यात दोनशे हेक्टर ज्वारी येते. एक हेक्टर उसाचं पाणी हजार माणसांना रोज ५५ लिटरप्रमाणे वर्षभर पुरेल.

इथे कोणा ऊसवाल्याकडे बोट दाखवू नका. बोट दाखवलं की तो उठून जातो आणि त्याच्यामागे त्याची भावकी. पाण्याची वाटणी करा, माणसाची झडती नको. ठिबक, कमी क्षेत्र, कमी पाण्याचं पीक, जे काही निघेल ते त्या शेतकऱ्यांच्या तोंडून निघू द्या.

पाण्यासारखाच प्रश्न बाकी स्वप्नांना विचारा. मुलगी पदवीपर्यंत शिकणार, तर तिचं लग्न कोणत्या वयापर्यंत थांबेल आणि संध्याकाळच्या एसटीतून उतरल्यावर वाटेवर दिवा कोण पाहील? सून मोकळी राहणार, तर सकाळचा स्वयंपाक कोण करील? उत्तर ‘ग्रामपंचायत’ असेल तर तो विषय आराखड्यात जातो. उत्तर ‘आपण’ असेल तर तो गावच्या नियमात जातो. दोन्ही याद्या वेगळ्या ठेवा.

निवड बियांनी

स्वप्नांची कार्डं जमिनीवर मांडा, पंधरापेक्षा जास्त नकोत. बायकांना पाच-पाच चिंचोके, पुरुषांना सीताफळाच्या पाच-पाच बिया. एका कार्डावर एकाने दोनपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. आधी बायका, नंतर पुरुष, नाहीतर घरचा माणूस जिकडे टाकेल तिकडेच बी पडते. मोजताना दोन्ही वेगळं मोजा आणि वेगळंच लिहा. बेरीज केली की दारूबंदीसारखं एका बाजूला भरभरून आणि दुसऱ्या बाजूला रिकामं राहिलेलं कार्ड मधेच कुठेतरी दबून जातं. हात वर करून मत घेऊ नका.

कागद आणि ठराव

निवडलेल्या कार्डांचे तीन ढीग करा. गावाने स्वतः करायचं, ग्रामपंचायतीच्या निधीतून करायचं आणि वर पाठपुरावा करायचा. दुसऱ्या ढिगासाठी निधीच्या अटी आधी माहीत हव्यात. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत, उदाहरणार्थ, ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होती, उरलेली ४० टक्के अबंध. आयोग बदलला की अटी बदलतात, म्हणून चालू वर्षाचा शासननिर्णय ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून मागून वाचा. अडचणींचा कागद आता काढा. निम्म्या अडचणी तोवर गळून पडलेल्या असतात.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, तिथे चित्र पूर्ण वाचून दाखवा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी असेल ते. पण एवढ्यावर समाधान मानू नका. प्रत्येक वस्तीतले निदान पाच जण हजर आहेत ना ते पाहा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यासगटात विषय महिनोन्‌महिने चर्चिला जातो. तेवढा धीर जमला नाही तरी ज्या कार्डावर कडाक्याचा विरोध आहे ते पुढच्या सभेपर्यंत थांबवा. बहुमताने लादलेली चराईबंदी पहिल्या पावसातच मोडते.

ठरावात ‘गाव आदर्श करण्यात यावे’ असं वाक्य नको. असं लिहा: ‘२०२८ च्या मेपर्यंत शेवटच्या वस्तीच्या नळाला सकाळी आठच्या आत पाणी येईल. तपासणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या वस्तीतल्या दोन महिला करतील आणि वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहितील.’ काय, कधीपर्यंत, कोण पाहणार. जबाबदारी घेणाऱ्याचं नाव इतिवृत्तात आलंच पाहिजे. इतिवृत्त त्याच बैठकीत वाचून घ्या.

मूळ ब्राउन पेपर ग्रामपंचायतीच्या कपाटात जातो आणि निवडणुकीनंतर सापडत नाही. म्हणून तीन प्रती करा: एक शाळेत, एक अंगणवाडीत, एक बचतगटाच्या पेटीत. आठ पात्रांचे दोन-दोन रकाने शाळेच्या भिंतीवर गेरू-चुन्याने रंगवा, मधे एक रकाना कोरा सोडून. मे महिन्यात विहिरी मोजून झाल्या की एका मंगळवारी पोरांना वह्या देऊन पाठवा. आजीकडे, शेळ्यावाल्याकडे, एसटीच्या थांब्यावर. ती जे लिहून आणतील ते मधल्या कोऱ्या रकान्यात त्या वर्षाखाली उतरवा.